सशाला आणि साळा

पुण्यांतील एका सुशिक्षित घरीं आम्ही बसलों होतों. मोलकरणीची लहान मुलगी सहज म्हणाली, "मी साळंत जाते." घरांतलीं मुलें खो खो हंसलीं, आणि वडील माणसांनीं 'शाळेंत म्हणावें' असें तिला बजावलें. मुलगी गप्प झाली. त्या हंसण्याचा निवाडा मराठीच्या इतिहासापुढें कसा होईल, हें आम्ही येथें पाहणार आहों.

हंसणारीं तींच मुलें 'ससा' म्हणतात आणि 'सशाला' म्हणतात. 'पैसा' पण 'पैशाचा', 'घसा' पण 'घशांत', 'म्हैस' पण 'म्हशी'. हा सकाराचा शकार त्यांना कोणी शिकविलेला नाहीं. 'घोडा' शब्दाचें सामान्यरूप 'घोड्या', तसें 'ससा' शब्दाचें 'सस्या' व्हावयाचें. परंतु यकाराच्या शेजारीं जीभ टाळूकडे ओढली जाते, सकार तालव्य होतो आणि यकार त्यांत विरतो. 'ससे' या अनेकवचनांत यकार नाहीं. तेथें सकार टिकला आहे.

रूप बदलतांना व्यंजन बदलणें ही आपलीच मिरास नव्हे. दूरच्या फिनलंडांत रस्त्याला 'कतु' म्हणतात, आणि 'रस्त्याचा' म्हणावयाचें तर 'कदुन'. प्रत्ययाच्या नकारानें शेवटचें अक्षर बंद झालें कीं तकाराचा दकार होतो. कारण निराळें, पण व्यवस्था तितकीच नेमकी.

आतां आपला इतिहास. महाराष्ट्री प्राकृतांत श, ष आणि स हे तिन्ही वर्ण एका सकारांत मिळाले. म्हणून 'श्वश्रू'ची 'सासू' झाली, 'षष्टि'चे 'साठ' झाले आणि 'शशक'चा 'ससा' झाला. पुढें मराठीनें इकार-यकारांच्या सान्निध्यांत नवा शकार घडविला : 'सीमा'ची 'शीव', 'सिंदूर'चा 'शेंदूर', 'सीवन'चें 'शिवण'. तेव्हां 'सशाला' यांतील शकार 'शशक' शब्दांतून परत आलेला नव्हे. तो मराठीच्या घरचा आहे. झूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या घडणीवर लिहिलेल्या ग्रंथांत अशा ध्वनींचा क्रमवार विचार आहे, वा. गो. परांजपे यांनीं १९४१ सालीं तो मराठींत आणला.

मग 'साळा' कोठें बसते? 'शाला' शब्द प्राकृताच्या वाटेनें आला तर त्यांत सकारच यावयाचा. 'टांकसाळ' हा शब्द आपण निःशंकपणें लिहितों. त्यांतली 'साळ' हीच. 'शाळा' यांतील शकारास संस्कृताचा आधार आहे, 'साळा' यांतील सकारास प्राकृताचा.

ग्रांथिक मराठींत 'शाळा' लिहावें, व मुलांस तें शिकवावें, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु शिकविणें निराळें आणि हंसणें निराळें. त्या मुलीनें भाषा बिघडविली नव्हती. तिच्या बोलण्याला आपल्या 'सासू'इतकाच जुना नियम होता. घरीं हंसून गप्प केलेली मुलगी उद्यां वर्गांत उत्तर येत असूनहि तोंड उघडणार नाहीं, ही हानि उच्चाराच्या चुकीपेक्षां पुष्कळ मोठी आहे.