आठ दिवसांचा आठवडा

जेरुसलेमच्या नैर्ऋत्येस, बेथलेहेमपासून थोड्याच अंतरावर, बत्तीर नावाचे एक पॅलेस्टिनी गाव आहे. या गावात आठवडा सात नव्हे, आठ दिवसांचा असतो, असे तेथील लोक म्हणतात. यामागे एक जुना हिशेब आहे. गावाच्या डोंगरातून निघणाऱ्या झऱ्याचे पाणी दगडी तळ्यात साठवले जाते आणि तेथून पाटांनी खालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात उतरते. हे पाणी गावातील आठ मोठी कुळे पाळीपाळीने घेतात. प्रत्येक कुळाचा एक दिवस. आठवे कूळ संपले की पुन्हा पहिले. तळ्यातील पाण्याची खोली खुणा केलेल्या काठीने मोजायची आणि त्या दिवसाच्या कुळातील घराघरांत तिचे वाटे पाडायचे, अशी रीत.

खानदेशातील पांझरेकाठची फड पद्धत ज्यांनी पाहिली वा वाचली आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. तेथेही पाटकरी होते, जागल्या होते आणि कोणाच्या शेतात पाणी केव्हा जाईल याविषयी गावाने मान्य केलेली शिस्त होती. दोन्हींत कसलाही ऐतिहासिक संबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. पण ‘पाळी’ हा आपला शब्द बत्तीरच्या व्यवहाराला इतका नेमका बसतो की या लेखापुरते आम्हाला दुसऱ्या पारिभाषिक शब्दाची गरज पडणार नाही.

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींनी पाण्याच्या पाळीत का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगितले पाहिजे. गेली काही वर्षे हवामानाच्या संकटाविषयी जे लिहिले जाते, त्यात प्रलयाची भाषा एकसारखी ऐकू येते. १९९५ मध्ये जागतिक बँकेचे तत्कालीन उपाध्यक्ष इस्माईल सेरागेल्दिन यांनी पुढच्या शतकातील युद्धे पाण्यासाठी होतील असे भाकीत केले, आणि ते भाकीत हळूहळू सिद्धान्ताच्या थाटात वावरू लागले. याउलट नद्यांच्या तंट्यांचा अभ्यास करणारे अ‍ॅरन वुल्फ यांनी दाखवून दिले की निव्वळ पाण्यासाठी लढले गेलेले नोंदलेले युद्ध शोधायचे तर साडेचार हजार वर्षे मागे, सुमेरमधील लगाश आणि उम्मा या नगरराज्यांपर्यंत जावे लागते. तडजोडी आणि करार मात्र हजारोंनी सापडतात. २००२ मध्ये केन कोन्का आणि जेफ्री डॅबेल्को यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने या निरीक्षणाला एक नाव दिले, आणि पुढे पर्यावरणाच्या वाटेने शांतता घडवण्याची एक अभ्यासशाखाच उभी राहिली. नाव मिळाले की विषय सुखावतो. तो तपासायचा तर एखादे गाव धरावे लागते. आम्ही बत्तीर धरले ते ते सोपे उदाहरण नाही म्हणून.

त्याची अवघडता थेट नावापासून सुरू होते. गावाला लागून असलेल्या टेकडीवर एका जुन्या गढीचे अवशेष आहेत. अरबीत त्यांना खिर्बेत अल-यहूद, म्हणजे यहुद्यांची पडकी वस्ती, म्हणतात. रोमनांविरुद्ध उठलेल्या बर कोखबाचा शेवटचा किल्ला, बेतार, तो हाच असे मानले जाते. इसवी सन १३५ मध्ये तो पडला. झऱ्यापाशी रोमन सैन्यदलांच्या नावांचा एक शिलालेखही आहे. १९२३ मध्ये रीगा येथे स्थापन झालेल्या उजव्या झायनवादी तरुण संघटनेने आपल्या नावात या बेतारची आठवण जपली. ज्या टेकडीच्या पायथ्याशी पॅलेस्टिनी कुळे वांगी पिकवतात (बत्तीरचे वांगे त्या परिसरात प्रसिद्ध आहे), तीच टेकडी दुसऱ्या समाजाच्या स्मृतीत पराभवाचे आणि अभिमानाचे स्थान आहे. अशा जागी भूतकाळ दोघांनाही पुरेसा असतो. वाटून घेण्याजोगे फक्त पाणी उरते.

१८९२ मध्ये याफा ते जेरुसलेम हा लोहमार्ग उस्मानी राजवटीत सुरू झाला आणि तो बत्तीरच्या खोऱ्यातून गेला. गावाला स्थानक मिळाले. बत्तीरच्या बाया भाजीच्या टोपल्या घेऊन जेरुसलेमच्या बाजाराला जाऊ लागल्या. हाच लोहमार्ग पुढे गावाचे संकटही ठरला आणि संरक्षणही.

१९४८ च्या युद्धात आसपासची कित्येक पॅलेस्टिनी गावे रिकामी झाली. बत्तीरचेही बहुतेक लोक निघून गेले. मागे राहिलेल्या मूठभरांचा म्होरक्या होता हसन मुस्तफा, शिकलेला, पत्रकारिता केलेला तरुण. गावात आजही सांगतात की रात्री रिकाम्या घरांतून दिवे लावले जात आणि दिवसा दोरीवर कपडे वाळत घातले जात, समोरच्या सैन्याला गाव भरलेले दिसावे म्हणून. कथेवर किती पुटे चढली असतील ते असो. एवढे खरे की गाव टिकले आणि माणसे परतली.

मग १९४९ च्या एप्रिलमध्ये इस्रायल आणि जॉर्डन यांच्यात ऱ्होड्स येथे युद्धबंदीचा करार झाला. इस्रायलला लोहमार्ग अखंड हवा होता. म्हणून नकाशावरील रेषा बत्तीरपाशी अशी वळवण्यात आली की रूळ इस्रायलच्या बाजूला पडले, आणि रुळांपलीकडची गावाची कितीतरी शेतेही. ज्या रेषेने अन्यत्र शेतकऱ्याला शेतापासून कायमचे तोडले, त्याच रेषेवर बत्तीरने वेगळी गोष्ट पदरात पाडून घेतली. हसन मुस्तफा यांच्या पुढाकाराने मोशे दायान यांच्याशी बोलणी झाली आणि असे ठरले, की गावकऱ्यांनी पलीकडची आपली जमीन पूर्वीप्रमाणे कसावी आणि त्या बदल्यात रेल्वेला धक्का लागणार नाही याची हमी गावाने द्यावी. ती हमी गावाने पाळली.

या तडजोडीकडे आम्ही पुन्हापुन्हा वळतो. तिच्यात मैत्री नाही, समेटाची भावना नाही, एकमेकांच्या दुःखाची कबुली तर नाहीच. एका बाजूला गाडी वेळेवर पोहोचण्याची निकड आणि दुसऱ्या बाजूला झाडाची ऑलिव्ह गळून जाण्याआधी तोडण्याची निकड, एवढेच. पर्यावरण आणि शांतता यांविषयी आज जे हळवे लिहिले जाते, त्याहून हा कोरडा व्यवहार अधिक टिकाऊ ठरला.

१९६७ मध्ये इस्रायलने पश्चिम किनारा व्यापला आणि रेषेच्या दोन्ही बाजूंवर एकाच सत्तेचा ताबा आला. २००२ पासून त्या सत्तेने विभाजक भिंत बांधायला घेतली. तिचा एक टप्पा बत्तीरच्या खोऱ्यातून, लोहमार्गाच्या कडेने आखलेला होता. तो झाला असता तर पाट तुटले असते, पायऱ्या उखडल्या असत्या आणि १९४९ चा शब्द कागदाच्या किमतीचाही उरला नसता.

याच सुमारास इकोपीस ही संस्था या परिसरात काम करीत होती. १९९४ मध्ये इजिप्तमधील ताबा येथे तिची स्थापना झाली. जॉर्डनी, पॅलेस्टिनी आणि इस्रायली असे तिन्ही समाजांचे लोक एकत्र चालवतात अशा फार थोड्या संस्थांपैकी ती एक. २००१ मध्ये, म्हणजे दुसरा इंतिफादा पेटलेला असताना, तिने पाण्याने जोडलेली शेजारगावे एकत्र आणण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यात वादी फुकीन हे पॅलेस्टिनी गाव आणि रेषेपलीकडचे त्सुर हदासा हे इस्रायली गाव यांची जोडी होती. वरच्या गावातील बांधकामाने खालच्या गावाचे झरे आटतात, हे शेजाऱ्यांना एकमेकांच्या शिवारात उभे राहून कळले. त्सुर हदासाच्या काही रहिवाशांनी वादी फुकीनच्या बाजूने भिंतीला विरोध केला.

बत्तीरचे प्रकरण २०१२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत गावकरी होते आणि इकोपीसही. खटल्याला वळण दिले ते अनपेक्षित साक्षीदाराने. इस्रायलच्याच निसर्ग आणि उद्यान प्राधिकरणाने आपली आधीची संमती मागे घेतली आणि लिहून दिले, की ही भिंत प्राचीन जलसिंचनाच्या भूदृश्याची भरून न येणारी हानी करील. एका राज्ययंत्रणेने दुसरीविरुद्ध, सुरक्षेच्या नावाखाली येणाऱ्या कामाविरुद्ध, पाटाच्या आणि पायरीच्या बाजूने मत द्यावे, ही घटना आम्हाला कोणत्याही शांतता परिषदेच्या जाहीरनाम्यापेक्षा महत्त्वाची वाटते. जून २०१४ मध्ये युनेस्कोने दोहा येथील बैठकीत बत्तीरचे भूदृश्य जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि त्याच वेळी धोक्यातील वारशांच्या यादीतही घातले. तज्ज्ञांच्या सल्लागार मंडळाचा तातडीच्या नोंदीला विरोध होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये न्यायालयीन प्रकरण संपले ते कोणतेही मोठे तत्त्व न सांगता. या टप्प्याच्या बांधकामाला तूर्त अग्रक्रम नाही, असे सैन्याच्या बाजूने सांगण्यात आले आणि भिंत थांबली. ‘तूर्त’ हा शब्द विजयाच्या बातम्यांत फारसा छापला गेला नाही.

येथे आक्षेप ऐकलाच पाहिजे. ब्रिटिश अभ्यासक जॅन सेल्बी यांनी २००३ मध्येच असा युक्तिवाद केला होता, की पाण्याच्या क्षेत्रातले इस्रायली-पॅलेस्टिनी ‘सहकार्य’ हे वर्चस्वाला चढवलेला पोशाख आहे. त्यांचा रोख १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने नेमलेल्या संयुक्त जलसमितीकडे होता. त्या कराराचे ४० वे कलम पाच वर्षांच्या अंतरिम काळासाठी होते. तीस वर्षे उलटून गेली, तरी डोंगराखालच्या भूजलाचे वाटप त्याच विषम चौकटीत अडकलेले आहे. पॅलेस्टिनी समाजातही इकोपीससारख्या संस्थांवर टीका होते, की शेजाऱ्यांनी झऱ्यावर बसून गप्पा मारल्याने कब्जा नेहमीचाच वाटू लागतो. ही टीका आम्हाला खोटी वाटत नाही. पाळी तेथेच न्याय्य असते जेथे काठी सर्वांच्या नजरेसमोर बुडवली जाते. ज्याच्या हाती काठी, त्यालाच मोजमापाचा अधिकार असेल, तर पाळी हा नुसता शब्द उरतो.

तरीही हवामानाचे संकट या आक्षेपासाठी थांबत नाही. भूमध्य सागराचा परिसर जगाच्या सरासरीहून अधिक वेगाने तापतो आहे. जॉर्डनमध्ये दरडोई नूतनीकरणक्षम पाणी वर्षाला शंभर घनमीटरच्याही खाली गेले आहे. ज्या यार्देन नदीची थोरवी तीन धर्मांच्या ग्रंथपरंपरेला ठाऊक आहे, तिच्या खालच्या प्रवाहातील नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी तिन्ही बाजूंनी वळवून घेतले आहे. २०१६ च्या सुमारास गाझातील प्रक्रिया न केलेले सांडपाणी समुद्रातून अश्कलोनपर्यंत आले आणि तेथील खारे पाणी गोडे करणारा प्रकल्प बंद ठेवावा लागला. कुंपण पाण्याला कळत नाही, हे एरवी भाषणात वापरून गुळगुळीत झालेले वाक्य तेव्हा अभियंत्यांच्या नोंदवहीत आले.

मोठ्या प्रमाणावरचा प्रयत्नही झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्डन, इस्रायल आणि संयुक्त अरब अमिराती यांनी दुबई येथे इरादापत्रावर सह्या केल्या. जॉर्डनच्या वाळवंटातून ६०० मेगावॉट सौरवीज इस्रायलला जायची आणि समुद्राचे गोडे केलेले २० कोटी घनमीटर पाणी जॉर्डनला यायचे. ऊन तुमचे, पाणी आमचे: १९४९ च्या व्यवहाराचीच ही मोठी आवृत्ती म्हणता येईल. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर आणि गाझातील युद्ध सुरू झाल्यावर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, आपण या करारावर सही करणार नाही असे जॉर्डनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केले. गाझात मेलेल्यांच्या संख्येपुढे मेगावॉट आणि घनमीटर यांचा हिशेब मांडणे कोणत्याही अरब सरकारला शक्य नव्हते. आम्हालाही त्याबद्दल खंत करावीशी वाटत नाही. वाटते ती एवढीच, की तहान तर तेवढीच राहिली.

बत्तीरचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोत्रिच यांनी नाहल हेलेत्स या नव्या वसाहतीच्या हद्दीला मंजुरी मिळाल्याचे जाहीर केले. जवळपास साठ हेक्टर जमीन, आणि ती बत्तीरच्या वारसा-भूदृश्यावर. भिंत तूर्त थांबली होती, वसाहत दुसऱ्या दाराने आली. युनेस्कोची पाटी, न्यायालयाची कागदपत्रे, प्राधिकरणाचे मत, यांपैकी काहीही या निर्णयाच्या आड आले नाही.

मग आशा कोठे आहे, असे वर्गात विद्यार्थी विचारतात, आणि त्यांना देण्याजोगे तयार उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही त्यांना फक्त पाळीचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. आठ कुळे आणि सात वार. या आठवड्यात ज्या कुळाला शुक्रवार मिळाला, त्याला पुढच्या फेरीत शनिवार मिळतो, त्यापुढे रविवार. प्रार्थनेचा दिवस, बाजाराचा दिवस, कोणताही वार कोणा एका कुळाच्या मालकीचा होऊन राहत नाही. छप्पन्न दिवसांनी चक्र पुरे होते आणि पुन्हा पहिल्यापासून फिरू लागते. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी एकदा म्हणाली, सर, मग नववे कूळ आले तर? आम्ही फळा पुसून नऊ आणि सात यांचा हिशेब मांडायला घेतला.