एकाच भिंतीवर गुरू आणि शिष्य

इंदूर आणि बडोदे ही आपल्या जुन्या मराठी घरांच्या ओळखीची गावे. त्यांना जोडणारा एक दुवा म्हणजे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे. १९१० साली इंदुरात जन्मलेल्या बेंद्र्यांनी तिथेच देवळालीकर मास्तरांकडे चित्रकलेचे धडे घेतले. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. पुढच्या वर्षी तिथे ललितकला शाखा सुरू झाली आणि चित्रकला विभाग बेंद्र्यांकडे आला.

या विभागाचा इतिहास पाहताना नुसती नामावळी वाचू नका; गुरू आणि विद्यार्थी मिळून काय करीत, ते पाहा. १९५६ साली ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ उभा राहिला. त्यात ज्योती भट्ट, शांती दवे अशा शिष्यांच्या बरोबरीने बेंद्र्यांची चित्रे प्रदर्शनात लागली. वर्गात चुका दाखवणाऱ्याने आपले कामही त्याच नजरांपुढे ठेवले. १९६१ पासून ललितकला मेळे भरू लागले. त्यांसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे अध्यापक विद्यार्थ्यांसोबत खेळणी घडवीत, ती बडोदेकर विकत नेत.

१९६६ साली बेंद्र्यांनी विद्यापीठ सोडले. मेळे त्यानंतरही भरले. तिथली आपुलकी एका माणसाच्या स्वभावावर नव्हे, सर्वांनी मिळून करायच्या कामावर उभी होती.

आपल्या मंडळांत वडीलधारे व्यासपीठावर आणि तरुण खुर्च्या मांडायला, अशी वाटणी झाली आहे का? तसे असेल, तर तरुण का येत नाहीत हे विचारण्याआधी, आपण त्यांच्या शेजारी बसून कोणते काम केले, ते आठवून पाहा.