अजस्र यंत्र आणि सुटा भाग



कल्याणच्या जुन्या रेल्वे कामगारांना ‘खेकडा’ हे नाव सांगावे लागत नाही. दोन्ही टोकांना लांब नाक असलेली ती विजेची इंजिने १९२८ पासून परदेशातून आली आणि घाटातून मालगाड्या ओढू लागली. अशी ४१ इंजिने होती. त्यांतील काही १९९० नंतरही चालत होती. यंत्र परक्यांचे होते. निगा राखणारे हात मात्र येथले होते. आज ज्या यंत्राची हकिकत सांगावयाची आहे, त्याच्या नशिबी हे भाग्य नव्हते.

मी-२६ हे ते हेलिकॉप्टर. सोव्हिएत संघात घडलेले हे यंत्र १४ डिसेंबर १९७७ रोजी प्रथम उडाले. त्याला आठ पाती असून पात्यांच्या चक्राचा व्यास ३२ मीटर आहे. प्रत्येकी ११,००० अश्वशक्तीहून अधिक बळाची दोन इंजिने सुमारे २० टन भार उचलतात. २००२ साली अफगाणिस्तानात पडलेले अमेरिकेचे चिनूक हेलिकॉप्टर याच जातीच्या यंत्राने टांगून नेले! आपल्या वायुदलाने १९८६ पासून अशी चार यंत्रे घेऊन चंडीगडला ठेवली. २०१३ च्या उत्तराखंडातील आपत्तीत ती उपयोगी पडली.

परंतु सांगाडा जुळे रशियातील रोस्तोव्ह येथे आणि इंजिन येई युक्रेनमधील झापोरिझियाहून. देश एक होता तोवर ही एकाच घरातील दोन दालने होती. १९९१ मध्ये घराची वाटणी झाली. २०१४ मध्ये क्रिमियाचा प्रश्न पेटला आणि युक्रेनने रशियाशी लष्करी सहकार्य थांबविले. दोन दालनांमधला दरवाजाच बंद झाला.

कोणी विचारील, सुटे भाग येथेच का करू नयेत? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपे नाही. हेलिकॉप्टरच्या भागाला उड्डाणाच्या तासांचे आणि वर्षांचे आयुष्य ठरवून दिलेले असते. ते संपले की तो भाग दिसावयास धडधाकट असला तरी उतरवावा लागतो. नवा भाग मापाने तंतोतंत असून भागत नाही. धातू कोणता, तो कसा तापविला, कोणी तपासला, याची नोंद हवी. नोंद नसेल तर तो भाग भंगारच. ही सारी व्यवस्था केवळ चार यंत्रांसाठी उभारणे कोणत्या कारखान्याला परवडेल? ४१ खेकड्यांच्या मागे शेड उभी राहते. चौघांच्या मागे राहत नाही. म्हणून ओव्हरहॉलच्या प्रतीक्षेत ही अवाढव्य यंत्रे जमिनीला खिळली.

मार्च २०१९ मध्ये चंडीगडलाच चिनूक दाखल झाली. २०१५ च्या करारान्वये ती १५ घेतली गेली. त्यांची भारक्षमता मी-२६ च्या जवळपास निम्मी. पण त्यांची संख्या मोठी आणि ती जुळविणारा देश दुभंगलेला नाही. तथापि दूरच्या कारखान्याचे दार आपल्या हाती नाही, ही गोष्ट तशीच राहते.

आम्हां कामगारांना हे नवे नाही. वागळे इस्टेटमधला वा डोंबिवलीचा फिटर जाणतो की, यंत्र बंद पडते तेव्हाच त्याचा खरा मालक कोण ते कळते. देशाने यंत्र घेताना किंमत विचारावी, वजन विचारावे. पण त्याआधी विचारावे की, हे उघडून पुन्हा जोडणारे हात कोणाचे? ते हात आपले असावेत असे वाटत असेल, तर कुशल माणसाला रोजंदारीवर टांगून ठेवून चालणार नाही. सुटा भाग एकवेळ गोदामात साठविता येतो. कसब साठविता येत नाही, ते वर्षानुवर्षे एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागते.