वादकाचा बटवा : सुराची जबाबदारी कुणाकडे?

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. संगीताचा इतिहास म्हटला की आपण घराणी, बंदिशी, मोठे गवई यांच्याबद्दल बोलतो. फार तर वाद्यांबद्दल बोलतो. आज आपण बोलणार आहोत ते वाद्याच्या बाजूला पडलेल्या छोट्या पिशवीबद्दल. कुणाकडे ती कापडी बटवा असते, कुणाकडे पानाचा जुना डबा, तर कुणाकडे चेन लावलेलं पाकीट. मराठीत हार्मोनियमलाच ‘पेटी’ म्हणतात, म्हणून घोटाळा नको. मी बोलतोय ती पेटी वाजत नाही. पण ती नसेल तर बाकीचं काही धड वाजत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की या बटव्यात कोणत्या काळात काय होतं आणि त्यातून काय बाहेर गेलं हे पाहिलं, तर सूर बरोबर ठेवायची जबाबदारी कुणाच्या हातात होती ते कळतं.

आधी बटवा उघडून बघू. तबलजीकडे काय असतं? हातोडी, एखादा जादा गट्टा, वादीचा तुकडा आणि हाताला लावायची पावडर. सतारियाकडे दोन-तीन नख्या, म्हणजे मिजराब, कारण एक हमखास हरवते. शिवाय तेलात भिजवलेल्या कापसाची डबी, डाव्या हाताची बोटं तारेवरून सरकावीत म्हणून. सरोदियाकडे जवा, आणि तो बहुधा नारळाच्या करवंटीचा. सारंगिया किंवा व्हायोलिनवादकाकडे राळेचा खडा. गजाच्या केसांना राळ लावली नाही तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज निघत नाही. आणि तंबोऱ्याबरोबर तारांची वेटोळी, खुंटी घसरू नये म्हणून खडू, आणि जवारीचा दोरा.

या दोऱ्यापाशी जरा थांबू. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक बारीक धागा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की तार घोडीच्या किंचित उतरत्या माथ्यावर वेगळ्या ठिकाणी टेकते, आणि बंद पडलेला तंबोरा एकदम बोलायला लागतो. या धाग्याला ‘जीव’ असंही म्हणतात. किंमत पाहिली तर काहीच नाही. पण तो नेमका कुठे थांबवायचा हे कोणत्याही पुस्तकात वाचून येत नाही. कानानं ऐकत बोटानं सरकवावा लागतो.

आता काळाच्या क्रमानं जाऊ. बटव्याचा सगळ्यात जुना थर स्वयंपाकघरातला आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात. वादनाआधी लावायची, खर्ज हवा तसा लागेपर्यंत कमी-जास्त करायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. तबल्याच्या डग्यावर मात्र कायमची शाई आली. लोहकीस आणि खळ यांचे थर घोटून ती बसवतात. म्हणजे बघा, पखवाजिया स्वतःचा खर्ज दर वेळी स्वतः बनवत होता. डग्याच्या बाबतीत ते काम पुडी बनवणाऱ्या कारागिराकडे गेलं. कणकेचा गोळा बटव्यातून गेला आणि त्याबरोबर एक कामही गेलं. तबलजीनं हातोडी मात्र सोडली नाही. गट्टे ठोकून मोठा फरक करायचा. मग गजऱ्यावर वरून ठोका दिला की सूर चढतो, खालून दिला की उतरतो. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, एसीच्या हॉलमध्ये ते सुकून सूर वर जातो. म्हणून हातोडी आजही हाताशी लागते.

दुसरा थर कारखान्याचा. एकोणिसाव्या शतकात युरोपात पियानोसाठी मजबूत पोलादी तार बनू लागली आणि ती आपल्याकडेही पोचली. पुढे जर्मनीतल्या रोस्लाऊच्या तारेचं नाव सतारियांच्या तोंडी बसलं. बटव्यात आता जाडीचे नंबर घातलेल्या तारांच्या पुड्या आल्या. त्याच शतकात मिरजेला शिकलगारांच्या घरांतून, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या हातांतून, तंतुवाद्यं घडू लागली. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव त्यात अग्रभागी येतं. भोपळा पंढरपूरकडचा, घडण मिरजेची, तार परदेशातली, असा तो तंबोरा. या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला आनंद आहेच.

आणि त्याच काळात हार्मोनियम आली. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबाँ यांनी ती केली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी तयार केली. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, आणि त्यानंतरच्या संगीत नाटकांनी ही पेटी गावोगाव नेली. तिनं आपल्या भाषेत एक शब्द रुजवला : पट्टी. आज आपण सहज म्हणतो, ‘त्यांची काळी एक, बाईंची काळी चार.’ ही नावं हार्मोनियमच्या पट्ट्यांची आहेत. त्याआधी गवई आपल्या गळ्याला सोसेल तो षड्ज धरायचा आणि बाकीचे त्याला मिळवून घ्यायचे. आता षड्जाला ठरलेलं नाव मिळालं. तबलासुद्धा ‘काळी चारचा’ म्हणून विकत मिळू लागला. तबलजीचं सामान वाढलं, कारण एका तबल्याचा सूर फार वर-खाली नेता येत नाही.

तिसरा थर विजेचा. १९७९ साली बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. एकट्यानं रियाज करणाऱ्यांची, परदेशात राहणाऱ्यांची त्यामुळे केवढी सोय झाली! तिला नावं ठेवायची मला गरज वाटत नाही. नंतर तेच यंत्र मोबाइलमध्ये शिरलं. त्यामुळे आजच्या बटव्यात चार्जर असतो, वायर असते, वाद्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर असतो. जवारीचा दोरा मात्र अनेकदा नसतो.

इथे कुणी विचारेल, मग बिघडलं काय? सूर तर बरोबर लागतो ना? लागतो. पण पूर्वी हा बटवा म्हणजे शिकवणीचाच एक भाग होता. शिष्य गुरूचा तंबोरा उचलायचा, पिशवी सांभाळायचा, बैठकीआधी अर्धा तास वाद्य लागताना बघायचा. ‘दोरा दे’ म्हटल्यावर दोरा देताना कधी, का आणि किती हे त्याला कळत जायचं. तासाला येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला वाद्य लावलेलं मिळतं. त्याला राग येतो, ताल येतो, पण तंबोरा बसला तर काय करायचं ते येत नाही. त्यासाठी तो कारागिराची वाट बघतो. आणि कारागिराच्या घरातली पुढची पिढी या धंद्यात राहील की नाही, हा वेगळाच प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट. हा बटवा बहुधा साथीदाराचा असायचा. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या अनेक लेबलांवर गाणाऱ्याचं नाव आहे, तबला-सारंगीवाल्याचं नाही. संग्रहालयात वाद्य काचेमागे जातं, त्याच्याबरोबरची पिशवी रद्दीत जाते. म्हणजे ज्यांची नावं लिहिली गेली नाहीत, त्यांच्या कामाचा उरलेला पुरावाही आपणच टाकून देतो. झिजलेली नखी एका हाताची कितीतरी वर्षांची मेहनत सांगते. राळेच्या खड्यावरची खाच गज कसा घासला जायचा ते सांगते.

तेव्हा एवढंच सांगतो. तुमच्या घरात आजोबांची, आत्याची, कुणाची अशी पिशवी असेल तर ती रिकामी करू नका. आत काय आहे त्याची यादी करा, फोटो काढा, आणि घरात कुणी जाणतं माणूस असेल तर प्रत्येक वस्तू कशासाठी ते विचारून लिहून ठेवा. आणि जे शिकताहेत त्यांनी गुरुजींना एकदा म्हणा, की आज गाणं नको, आज दोरा कसा लावायचा ते दाखवा. एक तास जाईल, पण तंबोरा तुमचा होईल.

आता प्रश्न घेऊ या.