संगणकाचे विरजण

दही लावावयाचे म्हटले म्हणजे आधी विरजण पाहिजे, आणि विरजण म्हणजे दुसरे काही नसून दहीच होय. मग जगातले पहिले दही कोणी लावले, हा प्रश्न घरोघरची मुले विचारतात आणि घरोघरच्या आज्या तो हसून टाळतात. संगणकासारख्या आधुनिक यंत्रापुढे हाच प्रश्न बटण दाबताक्षणी उभा राहतो. यंत्रास काही करावयाचे तर सूचना पाहिजेत. त्या सूचना तबकडीवर लिहिलेल्या असतात. आणि तबकडी वाचावयाची तर त्यासाठीही आधी सूचनाच पाहिजेत. नट कितीही निष्णात असला तरी त्यास स्वतःच्याच खांद्यावर चढून बसता येत नाही, असा आपल्याकडील शास्त्रकारांचा दृष्टान्त आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी हीच अशक्य गोष्ट स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःस उचलण्याच्या रूपाने सांगितली. त्यावरून १९५० नंतरच्या दशकात यंत्र जागे करण्याच्या क्रियेस ‘बूट’ हे नाव पडले, आणि आज मराठी घरांतही तोच शब्द रूढ झालेला आहे.

हे पहिले विरजण कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आरंभी ते चालकाच्या बोटांत होते. १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या ‘अल्टेअर ८८००’ या छोट्या संगणकाच्या दर्शनी भागावर कळांची एक रांग होती. पहिल्या काही सूचना चालकाने त्या कळा वरखाली करून एकामागून एक यंत्रात भरावयाच्या, आणि तेवढ्या आधारावर यंत्राने पुढचे सारे वाचून घ्यावयाचे, अशी रीत होती. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ! पुढे ही पहिली अक्षरे न पुसणाऱ्या स्मृतीत कायमची कोरून ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. १९८१ साली आयबीएम कंपनीने जो ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, त्यातील अशा कोरीव सूचनांस ‘बायॉस’ म्हणतात. बायॉसचे काम अगदी मोजके असे. तबकडीवरील पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचलावयाचा, स्मृतीत ठरलेल्या जागी ठेवावयाचा आणि कारभार त्याच्या स्वाधीन करून बाजूला व्हावयाचे. तुकड्याच्या शेवटी दोन बाइटांची एक खूण असावी, असा दंडकही पुढे रूढ झाला. परंतु तो तुकडा कोणी लिहिला, कोणत्या कंपनीचा आहे, याची चौकशी बायॉस करीत नसे. यंत्राच्या मालकाचे स्वातंत्र्य या न केलेल्या चौकशीत सामावलेले होते.

या स्वातंत्र्याचा उपयोग ज्यांनी केला त्यांत फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी अग्रगण्य होय. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपण एक नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, रचीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स या नावाने प्रसिद्धीस आली. १९९२ साली तिला असा परवाना लाभला की, कोणीही ती वापरावी, वाचावी, सुधारावी आणि वाटावी. मात्र वाटताना हेच हक्क पुढच्यासही द्यावेत. सुरुवातीस ती दोन फ्लॉपींवर मिळे. एका फ्लॉपीवर यंत्र जागे करणारा गाभा, तर दुसरीवर फाइलींचा मूळ संसार. हा संसार लवकरच वाढला. १९९३ च्या जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंग याने ‘स्लॅकवेअर’ नावाचा संच प्रसिद्ध केला, तेव्हा त्यास २४ फ्लॉपी लागल्या. एकेका फ्लॉपीत दीड मेगाबाइटही मावत नसे. आणि मधली एखादी खराब निघाली तर तेथवर केलेले श्रम वाया जात.

येथे एक बारकावा ध्यानात घेणे अवश्य आहे. अशी फ्लॉपी तयार करावयाची तर मिळालेली फाइल तिच्यावर नुसती ठेवून भागत नाही. पाकिटात पत्र ठेवणे निराळे आणि कागदावर ठसा उमटविणे निराळे. बायॉस तबकडीचे पहिले घर पाहतो. फाइलींची नावे त्यास वाचता येत नाहीत. सबब पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत बाइटामागून बाइट जशाच्या तशा उतराव्या लागतात. डॉस प्रणालीत हे काम ‘रॉराइट’ नावाचा छोटा प्रोग्राम करी. युनिक्सच्या घराण्यात ‘डीडी’ ही जुनी आज्ञा ते करी, व आजही करते.

फ्लॉपीनंतर सीडीचे दिवस आले. सीडीवरून यंत्र कसे जागे करावे, याचा नियम फिनिक्स व आयबीएम या कंपन्यांनी १९९५ साली ठरविला. त्याचे नाव ‘एल टोरिटो’. कॅलिफोर्नियातील त्याच नावाच्या एका उपाहारगृहात त्याची कल्पना निघाली, असे सांगतात. २००० साली जर्मनीतील क्लाउस क्नॉपर याने ‘क्नॉपिक्स’ ही सीडी लोकांपुढे ठेवली. सुमारे दोन गिगाबाइटांचा मजकूर दाबून ७०० मेगाबाइटांत बसविलेला, आणि यंत्रातील मूळ तबकडीस धक्काही न लावता सारी प्रणाली सीडीवरूनच चालणारी! आधी चव पाहावी आणि रुचल्यास घरी ठेवावी, अशी ही सोय होती. २००४ साली मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी गृहस्थाच्या पुढाकाराने ‘उबुंटू’ निघाली. मागणी करणारास तिच्या सीडी टपालाने विनामूल्य पाठविण्याची प्रथा २०११ पर्यंत चालू होती. ज्यांच्या घरी इंटरनेटचा वेग गोगलगाईचा, त्यांस हे पाकीट म्हणजे शेजारणीने वाटीत घालून दिलेले विरजणच वाटले असल्यास नवल नाही.

एव्हाना पेनड्राइव्ह अवतरला होता. ज्या यूएसबी जोडणीवर तो चालतो, तिचा पहिला नियम १९९६ चा आहे. ती घडविणाऱ्या इंटेल कंपनीतील तंत्रज्ञांत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. २००० साली पेनड्राइव्ह विक्रीस आले तेव्हा त्यांत ८ मेगाबाइट मावणे ही मोठी गोष्ट समजली जाई. परंतु पेनड्राइव्हवरून जागे होणे त्या काळच्या पुष्कळ संगणकांस साधत नसे. आणि साधले तरी सीडीची रचना वेगळी व पेनड्राइव्हची वेगळी. सीडीसाठी केलेला ठसा पेनड्राइव्हवर उमटविला तर बायॉसला त्याचा अर्थ लागत नसे.

यावर निघालेली तोड पाहण्यासारखी आहे. सीडीवरील मजकुराची मांडणी ठरविताना १९८८ च्या नियमाने तिची पहिली १६ घरे, म्हणजे ३२ किलोबाइट जागा, मोकळी सोडली होती. सीडी वाचणारे यंत्र त्या जागेकडे पाहतही नाही. बायॉस मात्र पेनड्राइव्ह समोर आला की नेमके पहिलेच घर पाहतो. तेव्हा त्या ओसाड जागेत ५१२ बाइटांचा जागे करणारा तुकडा ठेवला तर एकच ठसा सीडीस व पेनड्राइव्हलाही चालेल, ही युक्ति एच. पीटर अॅन्व्हिन याच्या ‘सिसलिनक्स’ प्रकल्पाने २००८ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. वीस वर्षे मोकळी पडलेली ओसरी अशी कामास आली.

याच सुमारास हे काम सामान्य गृहस्थास सोपे करणारी साधनेही निघाली. २००७ चे ‘युनेटबूटिन’, २०११ चे ‘रूफस’, आणि एकाच पेनड्राइव्हवर अनेक प्रणाली ठेवू देणारे २०२० चे ‘व्हेंटॉय’ ही त्यांतली ठळक नावे होत. साधन कोणतेही असो, दोन सावधगिऱ्या सोडून चालत नाही. ठसा उमटविताना पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर जातो; आणि नाव चुकून पेनड्राइव्हऐवजी घरच्या संगणकाची मुख्य तबकडी निवडली गेली, तर वर्षानुवर्षांची छायाचित्रे व हिशेब त्याच्याखाली गाडले जातात. दुसरी सावधगिरी विरजणाच्या शुद्धतेची. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळात चोरांनी शिरून वाचकांस खऱ्याऐवजी चोरदार ठेवलेल्या प्रतीकडे वळविले होते. याकरिता उतरविलेल्या फाइलीची गणिती खूणगाठ विश्वासू ठिकाणी दिलेल्या खूणगाठीशी ताडून पाहावी, हा नियम आहे. एका बाइटाचा फरक पडला तरी खूणगाठ बदलते.

शुद्धतेच्या याच प्रश्नातून मालकीचा जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढता झाला. बायॉसच्या जागी ‘यूईएफआय’ ही नवी व्यवस्था आली, आणि २०१२ मध्ये ‘विंडोज ८’बरोबर तिच्यातील ‘सिक्युअर बूट’ घरोघर पोहोचले. आता यंत्र पहिल्या तुकड्यास त्याची ओळख विचारू लागले. ज्यावर मान्य सही नाही, त्यास दार बंद. घातक प्रोग्राम आरंभीच शिरू नये, हा हेतू योग्यच होता. परंतु सह्यांची किल्ली मुख्यतः मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या हाती असल्याने, यंत्र विकत घेणारा त्याचा धनी की भाडेकरू, असा सवाल मुक्त प्रणालीच्या कैवाऱ्यांनी केला. विंडोज ८ च्या नेहमीच्या संगणकांत मालकास ही चौकशी बंद करता आली पाहिजे, असा नियम होता. एआरएम जातीच्या यंत्रांत ती सवलत नव्हती. अखेर मॅथ्यू गॅरेट प्रभृतींनी ‘शिम’ नावाचा एक छोटा मध्यस्थ रचला. मायक्रोसॉफ्टची सही त्याच्यावर असते, आणि पुढे लिनक्सची पारख तो आपल्या किल्ल्यांनी करतो. तडजोड व्यवहार्य ठरली; परंतु पूर्वी न मागता मिळणारा प्रवेश आता दुसऱ्याच्या सहीने मिळतो, ही गोष्ट शिल्लक राहिलीच.

या साऱ्याचे मोल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अनेकांच्या ध्यानात आले. त्या दिवशी ‘विंडोज १०’चा नित्याचा आधार संपला, आणि पुढची प्रणाली स्वीकारण्यास अपात्र ठरलेले धडधाकट संगणक घरोघर उरले. अशा यंत्रास अडगळीत टाकावे की काही गिगाबाइटांचा एक पेनड्राइव्ह लावून त्यास नव्याने कामास लावावे, हे त्याच्या धन्यास ठरविता येते. कारण पहिला तुकडा निवडण्याचा अधिकार अद्याप त्याच्याकडे आहे. चांगल्या विरजणाची एक वाटी दहा घरी जाते आणि तरी मूळच्या घरचे दही कमी होत नाही. लिनक्सचा पेनड्राइव्ह त्याच जातीचा आहे. मात्र दुधाचे भांडे उघडण्याची मोकळीक घरच्या माणसांस असेल, तोवरच त्याचा उपयोग.