टकरचा बग

बग शोधणाऱ्याचंच नाव बगला द्यायची पद्धत असती, तर आमच्या टेस्टिंगवाल्यांनी कधीच राजीनामे दिले असते! एडवर्ड टकर या माळ्याच्या नशिबी मात्र नेमकं हेच आलं.

साल १८४५, इंग्लंडमधलं मार्गेट. तिथल्या काचघरातल्या द्राक्षवेलींवर टकरला पांढरी भुकटी दिसली. हीच आपली भुरी. बऱ्याच बुरशींना रुजायला ओलं पान लागतं, हिला तेवढंही नको. उबदार, दमट, कोंदट हवा पुरते. म्हणजे काचघर तिचं माहेरच की!

टकरच्या लक्षात आलं, की पीचच्या झाडावरही असंच काहीतरी येतं. मग त्याने पीचचाच उपाय वेलींवर केला: गंधक, चुना आणि पाणी. रोग आटोक्यात आला. पण १८४७ मध्ये बर्कली यांनी बुरशीचं नाव ठेवलं 'ओइडियम टकेरी'. उपाय शोधणाऱ्याचं नाव रोगाला!

पुढे ही बुरशी फ्रान्समध्ये पोचली आणि १८५४ पर्यंत तिथली वाईन साधारण पाव हिश्श्यावर आली. बागा सावरल्या त्या गंधकाच्या धुरळणीनेच.

आज बुरशीचं नाव 'एरिसिफी नेकेटर' आहे. टकरचं नाव गेलं, गंधक राहिलं. नाशिकच्या द्राक्षबागांतही भुरीवर ते वापरतात.

गॅलरीत छोटं ग्रीनहाऊस केलंय? मग कुंड्यांत अंतर ठेवा, हवा खेळती ठेवा, रोगट पानं लगेच काढा. गंधक कडक उन्हात मारू नका, पानं करपतात. आणि टकरसारखं रोज नीट बघा... निम्मं काम तिथेच होतं.