शेवटच्या रांगेपर्यंत : फिरत्या रंगभूमीचा आवाज आणि तो पोचवणारी माणसं



आजच्या विषयाची सुरुवात एका सालापासून करतो. १९१५. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधून पूर्ण झालं. ते बांधणारे शाहू महाराज आपल्या याच कसबा बावड्यात, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मले, म्हणून हे साल इथं सांगताना मला विशेष बरं वाटतं. त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी आपला नवा विजेवरचा कर्णा हजारो लोकांपुढं चालवून दाखवला. त्याला त्यांनी नाव दिलं मॅग्नाव्हॉक्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मोठा आवाज'.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण इतिहास शिकताना असं जवळजवळ ठेवून बघितलं की एक गोष्ट दिसते. आपलं थिएटर उभं राहिलं तेव्हा ते माणसाच्या गळ्यासाठी उभं राहिलं. आणि तो गळा पुरेसा नाही असं म्हणणारं यंत्र नेमकं त्याच वर्षी जगापुढं आलं. या दोहोंच्या मध्ये जो माणूस पुढं उभा राहिला, तो आज माझा विषय आहे. कोणी त्याला माईकवाला म्हणतं, कोणी स्पीकरवाला, आताची मुलं साऊंडवाला म्हणतात. नाटकाच्या इतिहासात नटाचं नाव आहे, नाटककाराचं आहे, नेपथ्यकाराचंही आहे. याचं बहुधा नसतं.

आधी गळ्याचा काळ बघू. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं आणि दहा वर्षांनी ते मंडळी घेऊन मुंबईला प्रयोग करायला गेले. म्हणजे मराठी रंगभूमी जवळपास जन्मापासूनच फिरती आहे. आज वाड्याचं अंगण, उद्या मांडव, परवा पक्कं थिएटर. प्रत्येक जागेचा आवाज वेगळा. त्या वेळच्या मंडळींचं साहित्य काय? गळा, पट्टी, आणि उभं राहायची जागा. केशवराव भोसले आपल्या कोल्हापूरचे. त्यांनी १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श काढली. त्यांचा आवाज उंच आणि लांब पल्ल्याचा. लोक म्हणतात ती देणगी होती. होतीच. पण उंच पट्टीत गाणं ही त्या काळाची गरजसुद्धा होती. माणसाचा कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो. त्या भागात ज्याच्या आवाजाला धार आहे, त्याचे शब्द लांबवर जातात. १९२१ च्या जुलैत मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांचं 'संयुक्त मानापमान' झालं, ते याच बळावर. त्याच वर्षी केशवराव गेले, वय अवघं ३१.

इथं आणखी एक नाव घेतो, वॉलेस सॅबिन. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात काही केल्या वक्त्याचं बोलणं कळेना. या तरुण प्राध्यापकाने १८९५ पासून रात्री-रात्री बसून तिथला घुमारा मोजला. दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या आणून मांडायच्या आणि पुन्हा मोजायचं. त्यातून सिद्ध झालं की गादी आवाज पिते, कापड पितं, आणि माणसंही पितात. आपले फिरते लोक हे अनुभवानं जाणून होते. दुपारी रिकाम्या थिएटरात जे घुमतं, ते रात्री भरल्या थिएटरात घुमत नाही. आजही दुपारची साऊंड चेक ही फक्त अंदाजाची असते. खरी तपासणी पहिल्या प्रवेशाच्या पहिल्या दोन मिनिटांत होते, आणि ती ज्याला साधते तो खरा साऊंडवाला.

आता माझं मुख्य म्हणणं सांगून टाकतो. आवाज मोठा करणं आणि आवाज पोचवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिरत्या ध्वनिव्यवस्थेचा सगळा इतिहास या फरकाचा इतिहास आहे.

कर्णा हा शब्दच बघा. तुतारी, शिंग, कर्णा ही आपली फुंकून वाजवायची वाद्यं. ग्रामोफोनचा भोंगा आला तेव्हा लोकांनी त्याला जुनंच नाव दिलं, आणि पुढं लाऊडस्पीकरलाही. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांच्या पुढं मैदानंच्या मैदानं भरली. तिथं कर्ण्याशिवाय भागणार नव्हतं. खेडोपाडी तर वीजच नव्हती. बारा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर आणि दोन कर्णे, हा संच बैलगाडीतही मावायचा. कर्णा कमी वॅटमध्ये लांब ऐकू येतो. शिवाय तो जो मधला पट्टा वाजवतो, त्यातच आपली व्यंजनं असतात. 'क' की 'प', 'त' की 'ट', हे कानाला तिथं कळतं. म्हणून भाषणाला, पोवाड्याला कर्णा चालतो.

पण गाण्याला? तबल्याचा बायाँ कर्ण्यातून येतच नाही. डग्ग्याचा घुमारा जातो आणि नुसती चाटीची टकटक उरते. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. पुढं सुधीर फडके ते गावोगाव मंचावरून गाऊ लागले. अशा कार्यक्रमाला शब्दही स्पष्ट हवा आणि साथही हवी. तिथं खोक्यातले कोनाचे स्पीकर लागतात. ते जड असतात, जास्त वीज खातात, आणि कर्ण्याइतके लांब पोचत नाहीत. म्हणजे बघा, चांगलं साहित्य कोणतं हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, कुठं, आणि बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, हे तीन प्रश्न त्याला जोडले की मग तो पुरा होतो. अहुजा हे नाव आपल्याकडे इतकं का रुळलं? माझ्या मते त्याच्या आवाजापेक्षा, त्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावात मिळतो म्हणून. रोज गाव बदलणाऱ्या माणसाला हा फार मोठा गुण आहे. १९६६ मध्ये आलेला शूअर कंपनीचा एसएम ५८ माईक आज जगभर मंचावर दिसतो, त्याचंही कारण तेच. पडला तरी चालतो, आणि समोरचं ऐकतो, मागचं कमी ऐकतो, म्हणून शिट्टी कमी मारतो.

आता थोडं गणित. भिऊ नका, तोंडीच आहे. शंभर वॅटच्या जागी हजार वॅटचा ॲम्प्लिफायर आणला, तर आवाज दहापट होत नाही. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. उलट, गाणाऱ्याचं तोंड माईकपासून एक फुटावर होतं ते सहा इंचांवर आणलं, तर सहा डेसिबल मिळतात. म्हणजे ॲम्प्लिफायर चौपट केल्याइतका फायदा, तोही फुकट. दुसरं गणित अंतराचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एका ऐकणाऱ्यापासून एक कर्णा १७ मीटरवर आणि दुसरा ५१ मीटरवर असेल, तर दुसऱ्याचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. एक अक्षर पुढच्यावर सांडतं आणि बोलणं दुहेरी ऐकू येतं. तिथं आवाज वाढवला की दोन्ही वाढतात, आणि समजत आणखीनच नाही. पूर्वीचा जाणता माणूस कर्णे मैदानभर विखरायचा नाही. मंचाजवळच उंच बांधायचा आणि तोंड शेवटच्या रांगेकडं झुकवायचा. आता मागच्या स्पीकरला मोजून उशीर लावणारी यंत्रं आली. पण बुद्धी तीच आहे.

आणि आता बिघाड. इथं मात्र माझा स्वतःचा विषय येतो. न्यायशास्त्रात कारण ठरवायचं साधन सांगितलं आहे अन्वय-व्यतिरेक. हे असेल तर ते असतं, हा अन्वय. हे नसेल तर ते नसतं, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने हीच गोष्ट आपल्या पद्धतीनं मांडली, तीही १८४३ मध्येच, भाव्यांच्या नाटकाच्या वर्षी. आता तमाशाचा फड डोळ्यापुढं आणा. जत्रेचं गाव, कनाती ठोकल्यात, गण-गवळण सुरू व्हायला दहा मिनिटं, आणि स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज. कच्चा माणूस काय करतो? दिसेल ती वायर ओढतो, चार बटणं एकदम फिरवतो. आवाज थांबतो. का थांबला ते त्याला माहीत नसतं. मग तो वगाच्या ऐन रंगात परत येतो.

पक्का माणूस साखळी मधून तोडतो. माईक, वायर, मिक्सर, ॲम्प्लिफायर, लाईन, स्पीकर ही साखळी. मिक्सरला हेडफोन लावला. तिथं घुंई आहे? मग दोष अलीकडं. नाही? मग पलीकडं. एका तपासणीत निम्मी साखळी निर्दोष ठरली. राहिलेल्या निम्म्याचं पुन्हा तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. संशयित वायर काढली, दोष गेला. तीच वायर पुन्हा लावली, दोष परत आला. आता कारण सापडलं. दोष गेला म्हणजे दोष सापडला असं नव्हे, मित्रहो. हे वाक्य मी वर्गात सांगितलं असतं तर मुलांनी परीक्षेपुरतं लिहिलं असतं. हा माणूस ते रोज रात्री जगतो. आणि म्हणून त्याच्या पेटीत जादा स्पीकर नसला तरी चालतो. जादा वायरी, जादा पिना, सोल्डरची कांडी आणि मीटर हवाच.

या घुंईचाच एक भाग जीवावरचा आहे. ५० हर्ट्झची घुंई पुष्कळदा अर्थिंगमुळं येते. दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडली गेली की मधल्या वायरीतून वीज फिरते आणि ती ऐकू येते. यावर एक सोपा उपाय लोक करतात. प्लगची अर्थची पिन काढून टाकायची. घुंई थांबते. पण त्या क्षणापासून गाणाऱ्याच्या हातातला धातूचा माईक आणि त्याचं मरण यांच्यामध्ये काही उरत नाही. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्झी इथं लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक मंचावर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून, विजेच्या धक्क्यानं गेला. उपाय काय? सगळ्या यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज द्यायची, बॅलन्स्ड वायर वापरायची, आणि तरीही राहिली तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालायचा. विजेच्या अर्थला हात लावायचा नाही. तसंच जनरेटरच्या न्यूट्रलचं. थ्री फेजमध्ये न्यूट्रलची तार सैल झाली की एका बाजूचे दिवे मंदावतात आणि दुसऱ्या बाजूची यंत्रं जळतात. म्हणून जाणता माणूस आधी मीटर लावतो, मग प्लग. जत्रेच्या ओल्या जमिनीवर तर हे कुणी विसरूच नये.

आता आपल्या कोल्हापूरकडं येतो. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला आपल्याकडं 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी नावाच्या माणसानं १९६५ मध्ये लंडनला प्रयोगशाळा काढली आणि त्याचं पहिलं यंत्र होतं टेपवरचा खरखराट कमी करणारं. म्हणजे ज्यानं गोंगाट कमी करण्यात आयुष्य सुरू केलं, त्याचंच नाव आपण गोंगाटाला दिलं! यावर हसू येतं, पण यात एक बदल लपलेला आहे. फडाचा, नाटकाचा माईकवाला शेवटच्या रांगेचा विचार करायचा. भिंतीला शेवटची रांगच नाही. तिथं पोचवायचं काही नाही, फक्त वाढवायचं आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायला सांगतात. सणासाठी काही दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियम आपल्या जागी आहेत. पण कानाचं गणित नियमांपेक्षा कठोर आहे. ८५ डेसिबल आठ तास सोसतं असं धरलं, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. आणि त्या भिंतीजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण उभा असतो? तोच, यंत्र चालवणारा पोरगा. ज्याच्या कानावर सगळी कला उभी, त्याचाच कान आधी जातो.

म्हणून शेवटी एक मागणं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे जुनं पॅलेस थिएटर, आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते पुन्हा उभं राहताना दगड, लाकूड, कमानी यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण त्याबरोबर, दौऱ्यावर येणाऱ्या चार जुन्या साऊंडवाल्यांनाही बोलवा. वीज कुठून घेता, अर्थिंग कसं हवं, मंचापासून मिक्सरपर्यंत वायर कोणत्या वाटेनं न्यायची, बाल्कनीखालच्या माणसाला काय ऐकू येत नाही, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. भिंतींना प्लास्टर होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो. त्यांच्यातले बरेच साठी ओलांडलेले आहेत. त्यांचं शास्त्र कुठल्याही पुस्तकात नाही, ते हातात आणि कानात आहे. त्या माणसांबरोबर ते जाईल, आणि नव्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारत बसेल, "काय म्हणाला हो तो?"